वर्षीतपाचा तक्ता आणि खाली ओढलेल्या तारखा



पूर्वी तपाचा हिशेब देवघराजवळच्या वहीत असायचा, नाहीतर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या खुणा असायच्या. आता तो घरातल्या मुलांनी करून दिलेल्या एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये असतो. चातुर्मासातली तपाची यादी, पाठशाळेची हजेरी, आयंबिल ओळीच्या स्वयंपाकाच्या पाळ्या, नवकारसी-चौविहाराच्या वेळा, भिशीच्या तारखा असं सगळं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण या तक्त्यांमधली सगळ्यात कच्ची जागा असते तारखांची. एक-दोन तारखा लिहायच्या, कोपऱ्यातला तो छोटा ठिपका धरून खाली ओढायचं, की तारखांची रांग आपोआप भरते. ती रांग दिसायला इतकी नीटनेटकी असते की तपासावं असं कुणाला वाटतच नाही. भिशीची तारीख चुकली तर फार तर दोन फोन जास्त करावे लागतात. तपाची तारीख चुकली तर काय होतं, ते आज सांगते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. धुळ्याच्या माझ्या भाभींनी २०२४ साली फाल्गुन वद आठमला वर्षीतप घेतला. त्या दिवशी तारीख होती २ एप्रिल. पारणं पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ला. पहिला आणि शेवटचा दिवस धरून हे ३९४ दिवस होतात. भगवान ऋषभदेवांना दीक्षेनंतर वर्षाहून जास्त काळ आहार मिळाला नव्हता. शेवटी हस्तिनापूरला श्रेयांसकुमारांच्या हातून ऊसाचा रस मिळाला, त्याची आठवण म्हणून हा तप. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासना, पुन्हा उपवास. चौदसचे वाढीव उपवास सोडले आणि नुसते एकाआड एक धरले, तरी १९७ उपवास होतात. नियम ऐकायला सोपा आहे. दोन उपवास लागोपाठ आले तर चालतात, पण दोन बियासना लागोपाठ आल्या की तप खंडित झाला.

भाभींनी अकरा वर्षांपूर्वी एकदा वर्षीतप घेतला होता आणि पाचव्या महिन्यात आजारपणामुळे तो सोडावा लागला होता. त्याचं शल्य त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत, पण मनात होतंच. त्यामुळे या वेळी त्यांनी सगळी तयारी आधीपासून केली. उकळलेल्या पाण्याची वेगळी भांडी काढली, रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घेतली आणि माझ्या भाच्याला सांगितलं, "मला पूर्ण वर्षाचा तक्ता छापून दे, फ्रिजवर लावते." पोरगं हुशार आणि आईवर जीव असलेलं. संध्याकाळी बसून तक्ता केला, छापला, मंडळाच्या ग्रुपवर फोटोही टाकला. त्या वर्षी ग्रुपमधल्या आणखी काही जणींचा वर्षीतप होता, त्यांनीही तो उतरवून घेतला.

एप्रिलच्या मध्यावर मी धुळ्याला गेले, तेव्हा तो तक्ता फ्रिजवर पाहिला. एप्रिलच्या ओळी बरोबर होत्या. मी सहज पान उलटलं आणि मे महिन्याच्या शेवटी थांबले. ३० मे उपवास, ३१ मे बियासना, १ जून बियासना, २ जून उपवास.

"भाभी, ३१ आणि १ ला लागोपाठ बियासना कशी काय?"

भाभींनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "बाईसा, बरं झालं तुम्ही आत्ता पाहिलं. मी तर कागद बघून स्वयंपाकाला लागले असते."

यात गंमत अशी की भाच्याने काही निष्काळजीपणा केला नव्हता. त्याने आधी अगदी सरळ मार्गानेच तारखा भरायचा प्रयत्न केला होता. मी त्याला शेजारी बसवलं आणि काय काय केलंस ते पुन्हा करून दाखव म्हटलं. त्याने केलं ते तुमच्या घरातही रोज कुणीतरी करत असेल, म्हणून नीट लिहिते.

त्याने पहिल्या खणात लिहिलं २/४/२०२४, त्याच्या खाली ४/४/२०२४. म्हणजे २ एप्रिल आणि ४ एप्रिल. दोन्ही खण धरून खाली ओढले. पुढे आलं ६/४/२०२४, ८/४/२०२४, १०/४/२०२४, १२/४/२०२४. इथवर सगळं छान. आणि त्यानंतर १४/४ यायच्या ऐवजी आलं २/४/२०२५. थेट पुढचं वर्ष!

त्याला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, तो अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता. आपण आधी दिवस लिहितो आणि मग महिना. अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे २/४ चा अर्थ त्या कॉम्प्युटरने घेतला ४ फेब्रुवारी, आणि ४/४ म्हणजे ४ एप्रिल. दोन्हींत दिवस चौथाच आहे आणि महिने दोनच्या अंतराने आहेत, असं पाहून त्याने अंदाज बांधला की या बाईंना दर दोन महिन्यांनी चार तारीख हवी आहे. मग त्याने ४ जून, ४ ऑगस्ट, ४ ऑक्टोबर, ४ डिसेंबर असं भरलं आणि डिसेंबरनंतर अर्थातच पुढच्या वर्षीचा ४ फेब्रुवारी आला. दिसायला मात्र पहिल्या सहा ओळी तंतोतंत आपल्या एप्रिलसारख्या. सातवी ओळ आली नसती, म्हणजे कुणी फक्त बारा दिवसांचा तक्ता केला असता, तर ही चूक कुणाच्या बापाला कळली नसती.

मग त्याने सातव्या खणात हाताने लिहिलं १४/०४/२०२४ आणि तो एकच खण खाली ओढला. आलं १४/०४/२०२५, मग १४/०४/२०२६, मग १४/०४/२०२७. हे का? अमेरिकन पद्धतीत चौदावा महिना नसतो. म्हणून कॉम्प्युटरने त्याला तारीख मानलंच नाही, नुसती अक्षरं मानली. अक्षरांच्या शेवटी आकडा असेल तर ओढताना तो एकेकाने वाढतो. 'घर १' ओढलं की 'घर २' येतं ना, तसंच. इथे शेवटचा आकडा होता वर्षाचा, म्हणून वर्षं वाढत गेली.

शेवटी कंटाळून त्याने ओढणंच सोडलं. तारखा हाताने टाकल्या आणि नियम ठरवला की सम तारखेला उपवास, विषम तारखेला बियासना. एप्रिल तीस दिवसांचा, त्यामुळे ३० ला उपवास, १ मेला बियासना, २ मेला उपवास, काही अडचण नाही. पण मे एकतीसचा. ३१ विषम आणि १ सुद्धा विषम, म्हणून दोन बियासना शेजारी-शेजारी आल्या. सम-विषमचा हिशेब आपल्यातल्या कितीतरी जणी तोंडी करतात. 'माझा उपवास सम तारखेला असतो' असं सहज म्हणतात. एकतीसचा महिना आला की हा हिशेब मोडतो. उपवास विषम तारखांना असेल तर ३१ आणि १ असे दोन उपवास लागोपाठ येतात. तप टिकतो, पण मार्च-मेच्या शेवटी आपल्या खान्देशातल्या उन्हात, पारा चाळीसच्या वर असताना, मनाची तयारी नसलेला दुसरा उपवास अंगावर येतो. चौदस तर त्या तक्त्यात नव्हतीच.

त्या दुपारी आम्ही तक्ता पुन्हा केला. कसा, ते सांगते. तुमच्या घरच्या मुलांना वाचून दाखवा.

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरला आपला देश सांगणं. गूगल शीटमध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकॅल असतं, तिथे इंडिया निवडायचं. विंडोजमध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) करायचं. तेवढं झालं की आधी दिवस, मग महिना असं वाचलं जातं. तरीही पहिली तारीख लिहिताना महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहावा, इंग्रजीतली तीन अक्षरं पुरतात. नाव लिहिलं की गोंधळाला जागाच उरत नाही. आपल्याला याची गरज किती आहे ते बघा. २०२५ सालचं महावीर जन्मकल्याणक १० एप्रिलला होतं. आकड्यात लिहिलं तर १०/४. उलट वाचलं तर ४ ऑक्टोबर!

दुसरं, संपूर्ण तक्त्यात तारीख हाताने एकदाच लिहायची. खालच्या प्रत्येक खणात 'वरच्या खणात एक मिळव' एवढंच सूत्र द्यायचं. कॉम्प्युटरच्या पोटात तारीख ही तारीख नसतेच, तो एक आकडा असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत येतात. त्या मोजणीत २ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८४ आणि ३० एप्रिल २०२५ म्हणजे ४५७७७. कधी खणात तारखेऐवजी असला पंचेचाळीस हजारांचा आकडा दिसला तर घाबरू नका, खणाचं स्वरूप 'तारीख' करा की झालं. आणि नुसती चौकटींची रांग दिसली तर कॉलम अरुंद आहे, तो रुंद करा. आकड्यात एक मिळवला की पुढचा दिवस येतो. महिना तिसाचा असो, एकतीसचा असो की फेब्रुवारीचा, चूक होत नाही.

तिसरं, तारखेशेजारी वाराचा कॉलम. वार हा आपला साक्षीदार. २ एप्रिल २०२४ ला मंगळवार होता. तक्त्यात मंगळवार दिसला म्हणजे तारीख एप्रिलचीच आहे. ४ फेब्रुवारी असता तर रविवार दिसला असता. आकडे फसवतात, पण तारीख आणि वार दोघांनी मिळून फसवणं अवघड असतं.

चौथं, तिथी. ही हाताने, आपापल्या संप्रदायाच्या पंचांगातून बघूनच भरायची. तिथी ओढून भरता येत नाही, हे मुलांना समजावून सांगावं लागतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते, आणि चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे तिथी कधी सुमारे १९ तासांची तर कधी २६ तासांची असते. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि एखादी एकही पाहत नाही. त्यालाच आपण वृद्धी आणि क्षय म्हणतो. भाचा म्हणाला, "आत्या, चौदस दर पंधरा दिवसांनी येते ना, मग पंधरा-पंधराने ओढू." मी त्याला गणित घालून दाखवलं. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे पंधरवडा पावणेपंधरापेक्षा किंचित जास्त. पंधराने ओढत गेलं तर चार पंधरवड्यांत जवळपास एक दिवसाचा फरक पडतो. तपाच्या ३९४ दिवसांत पंचवीसच्या वर चौदस येतात. शेवटी शेवटी तक्त्यातली चौदस आणि आभाळातली चौदस यांची भेटच होणार नाही.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उपवास-बियासनेचा कॉलम. हा ओढलेल्या नमुन्याने नाही, तर आदल्या दिवसाला विचारून भरायचा. आम्ही सूत्र असं दिलं: काल बियासना असेल तर आज उपवास. काल उपवास असेल आणि आज चौदस असेल तरी आज उपवास. बाकी सगळ्या दिवशी बियासना. आमच्या घरात चौदसला उपवासच असतो म्हणून ही अट. तुमच्या गुरुदेवांची, महासतीजींची आज्ञा वेगळी असेल तर अट तशी बदला. या सूत्रात दोन बियासना लागोपाठ येऊच शकत नाहीत. चौदसमुळे मध्येच दोन उपवास जोडून आले तरी पुढची साखळी आपोआप सरकते, वर्षभराच्या ओळी पुन्हा खोडाव्या लागत नाहीत. तब्येतीमुळे एखादे दिवशी भाभींनी जोडून दुसरा उपवास केला, तर तेवढ्या एका खणात 'उपवास' लिहायचं. पुढचे दिवस स्वतःच ठरतात.

एवढं झाल्यावर भाभींनी शांतपणे एक वाक्य बोललं. "बाईसा, हे तर माझ्या सासूबाईंच्या सुपारीसारखंच झालं."

माझी आई वर्षीतप करायची तेव्हा देवघरात दोन वाट्या असायच्या आणि एकच सुपारी. उपवासाच्या रात्री झोपण्याआधी सुपारी उजव्या वाटीत, बियासनेच्या रात्री डाव्या वाटीत. सकाळी उठलं की सुपारी कुठे आहे ते बघायचं. उजवीकडे असेल तर आज बियासना, डावीकडे असेल तर आज उपवास. तिला महिना एकतीसचा की तिसाचा याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. इंग्रजी तारीख तिला विचारली तर कितीदा सांगताही यायची नाही. पण तिच्या तपात कधी दिवस चुकला नाही, कारण ती कॅलेंडरला विचारत नव्हती, कालच्या रात्रीला विचारत होती. इतके खण, इतकी सूत्रं लिहून आम्ही शेवटी तिच्या दोन वाट्यांपाशीच येऊन पोचलो. भाभींनी त्याच दिवशी देवघरात दोन वाट्या मांडल्या. तक्ता फ्रिजवर राहिला आणि सुपारी देवघरात. वर्षभर दोन्ही एकमेकांशी जुळत राहिलं.

वेळांच्या बाबतीतही तक्ते असेच फसवतात. नवकारसीचा तक्ता करताना पहिल्या दिवशीचा सूर्योदय ६:०५ लिहून खाली ओढला, तर पुढे ७:०५, ८:०५ असे तास वाढत जातात. सूर्योदय रोज पंचांगातून किंवा त्या गावच्या तक्त्यातूनच घ्यावा लागतो. नवकारसी मात्र सूत्राने काढता येते, आणि त्यात मला फार आनंद वाटला. कॉम्प्युटर संपूर्ण दिवसाला १ मानतो आणि वेळ हा त्याचा अपूर्णांक. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, आणि ४८ मिनिटं म्हणजे अहोरात्राचा बरोबर तिसावा भाग, एक मुहूर्त. म्हणून सूर्योदयाच्या खणात 'एक भागिले तीस' मिळवलं की नवकारसीची वेळ तयार. आपल्या एका सामायिकाचा काळही एवढाच. दिवसाचे तीस मुहूर्त हे माप आपल्या आगमांतलं, आणि ते आजच्या यंत्रात काही फिरवाफिरव न करता जसंच्या तसं बसतं.

आणि तक्ता कुठल्या गावचा आहे तेही बघा. जळगाव आणि धुळे यांच्यात रेखांशाचा फरक पाऊण अंशाच्या थोडा वर आहे, म्हणजे धुळ्याला सूर्य सुमारे तीन मिनिटं उशिरा उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. जळगावचा तक्ता धुळ्यात चौविहाराला वापरला तर तीन मिनिटं आधी जेवण उरकतं, ते चांगलंच. पण धुळ्याचा तक्ता जळगावात वापरला तर सूर्य मावळल्यावर तीन मिनिटं आपण पाणी पीत असू. मुंबईचा छापील तक्ता तर आपल्याकडे वापरूच नये, दहा-अकरा मिनिटांचा फरक पडतो, ऋतूप्रमाणे थोडा कमी-जास्त. नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेला असतो, पण सूर्य त्यांच्या गावचा असतो.

घरातल्या बाकी हिशेबांसाठीही दोन गोष्टी सांगून ठेवते. भिशी महिन्याच्या शेवटच्या तारखेला असेल आणि 'आदल्या तारखेत एक महिना मिळव' असं सूत्र दिलं, तर ३१ जानेवारीनंतर २८ फेब्रुवारी येते आणि मग २८ मार्च, २८ एप्रिल. एकदा घसरलेली तारीख पुन्हा वर चढत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत पहिल्या तारखेपासूनच मोजायचं, एक महिना, दोन महिने, तीन महिने, नाहीतर महिन्याचा शेवट काढणारं वेगळं सूत्र वापरायचं. दुसरी गोष्ट वर्षाची. पर्युषणात ज्येष्ठ श्राविकांचा सत्कार करायचा म्हणून जन्मतारखांची यादी करतात, आणि १९२८ साठी घाईत नुसतं २८ लिहितात. कॉम्प्युटर ते २०२८ समजतो. आजीबाई अजून जन्मायच्याच आहेत, असा हिशेब लागतो! वर्ष नेहमी चार आकडी लिहा.

यंत्राला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तारखेचा घोळ माणसांनी फार आधीपासून घालून ठेवला आहे. पोपच्या आज्ञेने १५८२ साली कॅलेंडर सुधारलं तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला, मधले दहा दिवस गेले. एक्सेलच्या पोटात अजूनही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे, जी प्रत्यक्षात कधी उगवलीच नव्हती, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. त्याआधीच्या लोटस १-२-३ या सॉफ्टवेअरमध्ये ती धरलेली होती आणि जुन्या फाइली जुळाव्यात म्हणून पुढेही तशीच ठेवली. आपल्याकडे अधिक महिना असतो, २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला होता. सूर्य आणि चंद्र दोघांना एका तक्त्यात बसवायचं म्हटलं की कुठेतरी हात फिरवावाच लागतो. मग यंत्र तरी काय करणार? दोन खण पाहून तिसऱ्याचा अंदाज बांधणं एवढंच त्याला येतं.

महासतीजी रोज दोन वेळा वस्त्र-पात्रांचं पडिलेहण करतात. सकाळी पाहिलेलं वस्त्र संध्याकाळी पुन्हा पाहतात. त्यात एखादा जीव सापडेलच असं नसतं, बहुतेक वेळा सापडतही नाही. तरी पाहतात, कारण न पाहता वापरणं ही अजयणा. तक्त्याचंही पडिलेहण करावं असं मला वाटतं, आणि त्याला पाच मिनिटंच लागतात:

१. पहिली आणि शेवटची तारीख वारासकट कॅलेंडरशी ताडून पाहा.

२. प्रत्येक महिन्याची शेवटची आणि पुढच्याची पहिली ओळ बोट ठेवून वाचा. चुका बहुतेक तिथेच असतात.

३. बारा आणि तेरा तारखेच्या ओळी पाहा. दिवस-महिना उलटले असतील तर बारापर्यंत सगळं बरोबर दिसतं आणि तेराला उघडं पडतं. तारखा खणात उजवीकडे चिकटलेल्या असतात. एखादी डावीकडे गेली असेल तर ती तारीख नाही, नुसती अक्षरं आहेत.

४. एकूण ओळी मोजा. आमच्या तक्त्यात ३९४ हव्या होत्या.

५. तक्ता पूर्ण झाला की छापून ठेवा आणि महासतीजींना किंवा घरातल्या जाणत्या बाईंना एकदा दाखवा.

शेवटचा मुद्दा मी उगीच लिहिलेला नाही. दुरुस्त केलेला तक्ता आम्ही ग्रुपवर टाकला आणि आधीचा उतरवून घेतलेल्या प्रत्येक बहिणीला भाभींनी स्वतः फोन केला. एकीने तर ३१ मेला माहेरच्या मंडळींना बियासनेचं बोलावणं आधीच देऊन ठेवलं होतं. तिने आनंदाने बोलावणं एक दिवस पुढे-मागे करून घेतलं. भाच्याला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. उलट पाठशाळेतल्या मोठ्या मुलांना त्याने हे सगळं शिकवावं असं मंडळाने ठरवलं, आणि तो दर रविवारी जाऊ लागला. चौदसच्या उपवासांमुळे शेवटी-शेवटी साखळी कशी येते आणि पारण्याच्या आधीचे दोन दिवस कसे ठेवायचे, ते मात्र तक्त्यावर सोडलं नाही. ते महासतीजींना विचारून ठरलं.

वर्षभरात भाभींना दोनदा ताप आला, घरात एक लग्न झालं, एकदा आठ दिवस प्रवास झाला. प्रवासातही सुपारी डबीत घालून बरोबर होती. ३० एप्रिल २०२५ ला, बुधवारी, अक्षय तृतीयेला त्यांचं पारणं झालं. ऊसाचा रस देताना माझा भाऊ रडला, आणि भाभी हसत होत्या. अकरा वर्षांपूर्वीचा अर्धा राहिलेला तप त्या दिवशी त्यांच्या मनातून उतरला असावा.

या वर्षी तुमच्यापैकी कुणाच्या घरी वर्षीतप सुरू असेल, तर आज स्वयंपाक आवरल्यावर तो फ्रिजवरचा कागद काढा आणि एकतीस तारखांच्या ओळी एकदा वाचून पाहा. तपस्वी बहिणींची अनुमोदना.

जय जिनेंद्र.